नाव काढलंस, नदीम

जुनी सांगवी
११ जानेवारी

नदीम,

तुझा मेसेज मिळाला. "आपा, एक ओटीपी आएगा, जल्दी भेज." डिसेंबरपासून बोलणं बंद आहे आपलं, आणि तोंड उघडलंस ते यासाठी. सलाम नाही, अब्बांचा गुडघा कसा आहे नाही, रुक्सानाचं तर नावच नाही.

ओटीपी आला. माझ्याच मोबाईलवर येणार, कारण खातं माझ्या नावावर, आधार माझं, नंबर माझा. जाहिरातवाल्यांनी तुझं खातं बंद केलं तेव्हा "आपा, बस तेरा नाम दे दे" म्हणत माझ्या मागे लागला होतास, आठवतंय ना? तर तो ओटीपी मी बघितला आणि मोबाईल पालथा घातला. पाठवणार नाही. पुन्हा मागवलास तरी पाठवणार नाही.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आपा सुन तो, सुन तो" करत माझ्या अर्ध्या वाक्यावर चढून बसतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आणि मराठीत लिहितेय, कारण घरचं हिंदी मला लाडाला पुरतं, भांडायला शाळेतलं मराठीच लागतं. तूही त्याच महापालिकेच्या शाळेत शिकलास. वाच.

मेसेजात पुढे तुझं म्हणणं, हातसाथीचं ते इंटरनेटवरचं नाव विकायचंय, गिऱ्हाईक तयार आहे, घाई आहे. गिऱ्हाईक कोण ते मात्र गिळलंस. बंगळुरूला बसून तुला वाटत असेल आपाला काय कळतंय. आपाला आता सगळं कळतंय, आणि कळल्यापासून घास गिळवत नाहीये.

तू रिकामटेकडा होतास असं मी कधी म्हटलं नाही. हिंजवडीची नोकरी सोडून गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलास तेव्हा गल्ली हसली, मी नाही हसले. तू मला समजावलं होतंस, "आपा, हिंजवडीशेजारी माणमध्ये लोकांनी पडीक जमिनी घेऊन ठेवल्या, कंपन्या आल्या आणि सोनं झालं. आपल्याला गुंठा परवडायचा नाही, पण नावं परवडतात." लोक हौसेनं इंटरनेटवर नाव घेतात, वर्षाचं भाडं भरतात, मग विसरून जातात. मुदत संपली की नाव सुटतं. तू टपून बसायचास. सुटलं की उचलायचं, वर चार पानं बांधायची, जाहिराती लावायच्या. जुन्या माणसांना त्या पत्त्याची सवय असते, ती येतच राहतात, त्यांच्या येण्यावर आपली कमाई. पडीक नावं म्हणायचास तू त्यांना. एका मंगल कार्यालयाचं घेतलंस, बंद पडलेल्या टायपिंग क्लासचं घेतलंस. अब्बांनी गॅरेजमधून वर बघत एवढंच विचारलं होतं, "जिसका नाम था, वो किधर गया?" तू हसलास. मीही हसले होते तेव्हा.

मग हे सापडलं. एच, डबल ए, टी, आणि पुढे एस, ए, टी, एच, आय. तू नाचत खाली आलास. "हातसाठी! हातांसाठी! मेहंदी, बांगड्या, नेलपेंट. आपा, ये तो तेरे लिएच बना है." मी म्हटलं होतं, अरे, हातासाठी असेल तर मध्ये अजून एक ए पाहिजे. तू म्हणालास, इंटरनेटला व्याकरण लागत नाही. झालं. त्या टीएचचा ठ नसून थ असेल, हे आपल्या दोघांच्याही टाळक्यात आलं नाही. हात साथी. हाताचा साथी. एवढा साधा शब्द.

पहिल्या पानावर फोटो टाकलास तो रुक्सानाच्या हाताचा. दुसऱ्या कुणाचा टाकणार? ताजुन्निसा खालाची पोरगी, आपल्या अंगणात वाढलेली, तिच्या शादीची मेहंदी मी काढली आणि गच्चीवर उन्हात फोटो तू काढलास. "हाथ सीधा रख, उंगलियाँ लंबी कर," असं दहादा ओरडत होतास तिच्यावर. उजवा हात, कोपरापर्यंत भरलेला. शादाबचं नाव मी तिच्या करंगळीच्या वेलीत लपवलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते रात्रभर सापडलं नाही म्हणून आपण किती चिडवलं त्याला. त्या फोटोखाली तू माझा नंबर टाकलास, मेहंदीच्या ऑर्डरसाठी.

बायका येतील म्हणालास. आले पुरुष.

पहिला फोन आला तेव्हा मी कोन भरत होते. "ताई, बोट गेलंय. काय करायचं?" मी म्हटलं, "भाऊ, राँग नंबर, इथं मेहंदी काढतात." तो "बरं" म्हणाला आणि ठेवला. नुसतं "बरं". मग दुसरा, मग तिसरा. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी. कुणाचं एक बोट, कुणाची दोन. प्रेस मशीनवाले सगळे. एकाला मी विचारलंच, की तुला हा पत्ता कुणी दिला? तो म्हणाला, कंपनीसमोरच्या भिंतीवर रंगवलाय ना. तेव्हा मला कळलं की हातसाथी हे चाकणमधलं एक केंद्र आहे. ज्यांची बोटं मशीनमध्ये गेली अशाच कामगारांनी चालवलेलं. कागदपत्र कुठली करायची, भरपाई कशी मागायची, सह्या कशावर करायच्या नाहीत, हे सांगायला.

मी त्याच दिवशी तुला म्हटलं, नदीम, ज्यांचं नाव आहे त्यांना देऊन टाक. तू म्हणालास, "देखता हूँ, आपा."

बघितलंस खरं. आठवड्यात त्या फोटोखालून माझा नंबर वर सरकला, कोपऱ्यात गेला, आणि मध्ये लाल बटण आलं. "कामावर हाताला इजा? लगेच फोन करा. मोफत मदत." मला वाटलं तू तो फोन त्या केंद्रालाच जोडून दिलास. मी खालच्या बायकांना कौतुकानं सांगत फिरले, माझा भाऊ सवाबाचं, पुण्याचं काम करतो म्हणून. थू. माझ्याच जिभेची लाज वाटते मला.

ओटीपी मागू नकोस.

सादिका


जुनी सांगवी
१९ जानेवारी

नदीम,

पत्राला उत्तर म्हणून व्हॉइस नोट पाठवलीस. ऐकली. भांडी घासता घासता ऐकली, कारण तेवढ्याच लायकीची होती. "आपा, मैं तो सिर्फ नाम चलाता हूँ. फोन कुणाला लागतो ते क्लायंट बघतो. माझ्यासाठी ती एक लीड आहे, पुढे काय होतं ते माझ्या हातात नाही."

माझ्या हातात नाही म्हणे! शब्द तरी बघून वापरायचा होतास.

लीड म्हणजे काय ते मी शेजारच्या इन्शुरन्सवाल्या करिष्माला विचारलं. ती म्हणाली, ज्याला गरज आहे अशा माणसाचा नंबर. तो विकत मिळतो. म्हणजे एखाद्याची बोटं मशीनमध्ये राहिली, रक्त थांबलेलं नाही, तो माणूस भिंतीवरचा पत्ता आठवून मोबाईल उघडतो, तो तुझी लीड. आणि तू ती विकतोस कुणाला? त्याच्या बाजूच्या माणसाला नाही. ज्या ठेकेदारानं त्याला त्या मशीनवर उभं केलं, त्या ठेकेदाराच्या माणसाला. किळस येते रे. पाल अंगावर पडल्यासारखी येते. हे सुचलं कसं तुला? जेवताना सुचलं का?

तू म्हणतोस रुक्सानाचं तुला माहीत नव्हतं. ते मी मानते. लाखात एक फोन तिचा होता, तू काय प्रत्येक फोन ऐकत बसत नाहीस. पण बाकीचे कोण होते मग? ते कुणाच्या अंगणात वाढले नव्हते का? तर आता ऐक, तुझी लीड काय झाली ते. डिसेंबरात तुला फोनवर सांगायला गेले तेव्हा तू "लीड" म्हणालास आणि मी फोन आपटला, म्हणून हे राहून गेलं होतं.

शादाबच्या टेम्पोचे हप्ते थकले म्हणून ती चाकणला ठेकेदाराकडे लागली. पोराला खालाकडे सोडायची आणि कंपनीच्या बसनं जायची. प्रेसवर बायका पण असतात आता. मशीनला हात आत असला की थांबवणारा सेन्सर असतो, तो म्हणे कधीचाच काढून ठेवला होता, माल भराभर निघावा म्हणून. नोव्हेंबरात ओव्हरटाइमला तिचा उजवा हात आत असताना प्रेस खाली आली. तीन बोटं. मधलं, अनामिका, करंगळी. 

तिला चाकणच्या एका खासगी दवाखान्यात टाकलं आणि सुपरवायझर निघून गेला. शादाब माल घेऊन नाशिकच्या पलीकडे. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, अंगठा गेलेली. ती म्हणाली, "बाई, कशावर सही करू नको. हातसाथीला फोन लाव." रुक्सानानं डाव्या हातानं मोबाईल उघडला. उघडल्याबरोबर समोर तिचाच हात. पाची बोटं, मेहंदी भरलेली.

ती हसली म्हणे. मला सांगताना पण हसत होती. "आपा, मला वाटलं, आता काय फिकीर? हे तर आपल्या नदीमभाईचं आहे. तो येईल." आणि तिनं बटण दाबलं.

आला बंटी. नाव ओळखीचं वाटतंय ना? सफरचंदं घेऊन आला. "मी हातसाथीकडून आलोय, ताई." तिनं विचारलं, "नदीमभाईंनी पाठवलं?" तो म्हणाला, "हो हो, नदीमभाईंनीच." तुझं नाव त्याला पाठ होतं, क्लायंट ना तुझा! मग गोड बोलून त्यानं कागद काढला. दवाखान्याचं बिल कंपनी भरेल, फक्त इथं सही. उजव्या हाताला ही एवढी पट्टी, डाव्यानं सही येईना. बारावी शिकलेली पोरगी. त्यानं शाईचं पॅड खिशातून काढलं आणि डावा अंगठा घेतला. पॅड खिशात घेऊनच फिरतो तो, नदीम. रोजचं काम आहे त्याचं.

त्या कागदावर लिहिलंय, मशीन बंद असताना मी माझ्याच चुकीनं आत हात घातला, मला सगळी भरपाई मिळाली, पुढे माझी काही तक्रार नाही. शादाब पोचला तेव्हा सफरचंदं उशाशी होती आणि बंटी गेला होता. आता तो कागद उभा आहे तोवर तिला दमडी मिळायची नाही, आणि उजव्या हातानं करण्याजोगं कुठलंच काम पण नाही. पोळी लाटता येत नाही तिला. पोराच्या शर्टाचं बटण लावता येत नाही.

तिनं तुला शिवी दिली नाही. खालानं पण नाही. खाला म्हणते, "नदीम को पता होता तो ऐसा नहीं होने देता." मला ते शिवीपेक्षा वाईट लागलं. तुला लागतंय का बघ.

सादिका


जुनी सांगवी
३ फेब्रुवारी

नदीम,

काल घरी एक माणूस आला होता. बुद्धरत्न नाव. पन्नाशीचा, मूळ नांदेडकडचा, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तुझ्या त्या पडीक नावाचा मालक. पानाच्या कोपऱ्यात माझा नंबर अजून तसाच पडलाय ना, मेहंदीसाठी संपर्क, त्यावरून शोधत आला.

दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तुमीच का हातसाथीच्या मालकीण?" कागदोपत्री आहेच की मी. त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि मग जे जे मला माहीत होतं ते सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, ज्या कार्यकर्त्यानं ते नाव घेतलं होतं तो परदेशी गेला, मुदत संपल्याचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिले, आणि हा स्वतः तेव्हा किडनीच्या दुखण्यानं दवाखान्यात होता. बाहेर येऊन बघतो तर आपल्या नावावर मेहंदी. "आदी वाटलं कुनी चेष्टा केली आमची," म्हणाला, "हात तुटल्यावर मेहंदी काढा म्हून." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

भिंती पुसत हिंडतोय तो. स्वतः रंगवलेले पत्ते स्वतःच पुसतोय, चुन्याची बादली घेऊन. पण लोकांनी नाव तोंडपाठ केलंय, ते कशानं पुसणार? एकमेकांना सांगतात अजून, हातसाथीला फोन लाव म्हणून. विश्वासानं. तुझी सगळी कमाई त्या विश्वासाची आहे, तुझ्या चार पानांची नाही.

पडीक म्हणायचास ना? पडीक नव्हतं ते नाव. मालक आजारी होता म्हणून दाराला कडी नव्हती, इतकंच.

गिऱ्हाईक कोण तेही त्यानंच सांगितलं, मला आधी नुसता संशय होता. बंटीचा शेठ, तोच ठेकेदार. लेबर कन्सल्टन्सी काढलीय त्यानं, तो हे नाव कायमचं विकत घेतोय. म्हणजे आज तू भाड्यानं लीड देतोस, उद्या तो स्वतःच हातसाथी होऊन बसणार. भिंतीवर, लोकांच्या तोंडी, सगळीकडे. आणि त्यासाठी तुला माझ्या मोबाईलवरचा आकडा पाहिजे.

रुक्सानाचं ऐक. कामगार अधिकाऱ्यांपुढे तिची सुनावणी वीस तारखेला आहे. बुद्धरत्न म्हणतो, तो अंगठा फसवून घेतलाय हे दाखवता आलं तर कागद रद्द होऊ शकतो. बंटी हातसाथीचा नव्हता, ठेकेदाराचा होता, आणि बटण दाबल्यावर त्याचाच फोन वाजेल अशी सोय केलेली होती, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. ते तू सांगू शकतोस. दोन ओळी लिहून सही कर आणि पाठव, किंवा ये. बंगळुरूहून एका रात्रीत येता येतं. मी दार उघडीन. तुला शिव्या घालीन, पण जेवायला वाढीन.

अब्बा आतल्या खोलीत होते, सगळं ऐकत होते. बुद्धरत्न गेल्यावर बाहेर आले, पुसायच्या फडक्यानं हात पुसत बसले, ग्रीस नव्हतंच हाताला तरी. म्हणाले, "पाटी किसी और की, दुकान किसी और का." मग म्हणाले, "लिख उसको, आ जा." म्हणून हे लिहिलंय. माझ्या मनानं असतं तर इतकं गोड लिहिलं नसतं.

तुला लहानपणी परीक्षेत पहिला नंबर आला की ते गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला सांगायचे, पोरगा नाव काढील. अम्मी होती तेव्हा. काढलंस रे बाबा. चांगलं नाव काढलंस.

वीस तारीख. विसरू नकोस.

सादिका


जुनी सांगवी
१८ फेब्रुवारी

नदीम,

तुझं पार्सल मिळालं. पत्राऐवजी, जबाबाऐवजी, स्वतःऐवजी तू खोकं पाठवलंस.

मी ते रुक्सानासमोर उघडलं. चूक झाली, आधी एकटीनं उघडायला पाहिजे होतं. वर चिठ्ठी होती: "रुक्साना, जो हुआ उसके लिए सॉरी. टेक केअर." आणि आत थर्माकोलमध्ये खोचलेली तीन रबरी बोटं.

शी! नखांसकट. गुलाबी, गोरीपान, दुकानातल्या पुतळ्याची असावीत तशी. कुठल्या साइटवर मागवलीस? कार्टमध्ये टाकताना रंग विचारला असेल ना त्यांनी? तू तो हात उन्हात धरून फोटो काढलायस, नदीम, त्या हाताचा रंग तुला माहीत नाही? रुक्सानानं एक बोट उचललं, डाव्या हातानं, जरा दाबून बघितलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "आपा, झाकण लाव. पोरगं बघेल." मी मोरीत जाऊन ओकले. खरं खरं ओकले, बोलायची रीत म्हणून म्हणत नाहीये.

आणि त्याच दिवशी मला मेसेज. "आपा, आधा तेरा. आधा. बस ओटीपी दे." म्हणजे तिला रबर आणि मला अर्धा वाटा, आणि वीस तारखेबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा मला कळलं की तू येणार नाहीस. तोवर मी रोज जिन्यात पाऊल वाजलं की बघत होते. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं, राहू दे.

तर आता मी काय केलं ते ऐक.

खातं माझ्या नावावर आहे, हे तूच मला शिकवलंस. काल बुद्धरत्न आला, त्यांच्या केंद्रात काम करणारी तनुजा नावाची वकिलीण लॅपटॉप घेऊन आली, आणि रुक्साना आली. आपल्याच ओट्यावर बसलो. तनुजानं आधी त्या पानाचे फोटो घेतले. तुझं लाल बटण, त्यामागे लपवलेला बंटीचा नंबर, सगळं. मग तिनं मला विचारलं, "सुनावणीत जबाब कोण देणार?" मी म्हटलं, मालकीण कोण आहे कागदावर? मी. मग जबाब पण माझा. मी तिथं उभी राहून सांगणार आहे, की नाव उचललं आम्ही, फोटो आमचा, आणि बटण ठेकेदाराला विकणाऱ्याचं नाव नदीम लालमहंमद, माझा सख्खा भाऊ. तुझं नाव मी पूर्ण घेणार आहे, अब्बांसकट. अब्बांना विचारलं मी. ते म्हणाले, "ले." आणि माझ्यावर काय यायचं ते येऊ दे, तनुजानं मला सगळं समजावलंय.

मग नाव परत द्यायचं होतं, ज्याचं त्याला. तनुजानं म्हटलं तिथं मी टिचकी मारली. ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. तोच, ज्याच्यासाठी तू महिनाभर जीव टाकतोयस. मी तो वाचायला घेतला, तेवढ्यात रुक्साना म्हणाली, "आपा, मैं डालूँ?"

लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. मी एकेक आकडा म्हणत गेले, ती डाव्या हाताच्या एका बोटानं टाकत गेली. सवय नाही अजून तिला. चार दाबायला गेली की पाच दाबला जायचा, मग पुसायचं, मग पुन्हा. उजवा हात ओढणीत होता, तोही मधूनच पुढे यायचा आणि तिच्या लक्षात आलं की मागे जायचा. शेवटच्या आकड्यापर्यंत पोचली आणि वेळ संपली. पडद्यावर लाल अक्षरं आली. ती माझ्याकडे बघायला लागली, शाळेत गणित चुकल्यासारखी.

बुद्धरत्न म्हणाला, "येऊ द्या दुसरा. इथं कुनाला घाई हाय?"

दुसरा मागवला. तू बघितला असशील, खात्याला मेलचा पत्ता तुझाच आहे, तुला मेल गेले असतील लागोपाठ. तू तिकडे घाबराघुबरा होऊन मला फोनावर फोन करत होतास, मोबाईल हातातच थरथरत होता आणि तुझ्या नावानं आकडे सारखे झाकले जात होते. मी तुझं नाव अंगठ्यानं बाजूला सारत होते आणि आकडे वाचत होते. या वेळी तिला जमलं.

खोकं परत पाठवतेय. उघडून मोजून घे, तिन्ही आहेत.

सादिका